ताईंची तिहेरी शर्यत

"पायात काय आहे?" हा ताईंनी मला विचारलेला पहिला प्रश्न.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. कोरेगावहून येऊन बेलापूरच्या सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून नुकतीच लागले होते आणि कुर्ल्याला मावशीच्या दोन खोल्यांत, आधीच्या आठ माणसांत नववी म्हणून राहत होते. आमचे हेडक्लार्क म्हणाले, "आपल्या स्टेनोबाईंना वाशीला क्वार्टर आहे. एकट्याच असतात. विचारून बघा. फक्त..." आणि त्यांनी एक बोट कानाजवळ नेलं, ते फिरवावं की नाही ह्याचा क्षणभर विचार केला आणि कान खाजवून खाली घेतलं.

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना शोधायला गेले. टेबलावर त्या नव्हत्या. शिपाई म्हणाला, "जिन्यात बघा. वर नायतर खाली, कुठंतरी असतील." त्या जिन्यातच होत्या. एका हातात पोळीभाजीची सुरळी, दुसऱ्या हातात साडीच्या निऱ्या, अशा त्या तळमजल्यावरून वर चढत होत्या. शेवटच्या मजल्यावर पोचल्या की वळायच्या, खाली यायच्या, पुन्हा वर. मी मागून धापा टाकत माझी कहाणी सांगितली. माझं आडनाव काय, वडील काय करतात, मी मटणमासे खाते का, ह्यातलं त्यांनी काहीही विचारलं नाही. शेवटचा घास संपवला, वळून माझ्या पायांकडे बघितलं आणि तो प्रश्न विचारला.

"चप्पल," मी म्हणाले.

"ते मला पण दिसतंय. बूट नायत?"

"नाहीत."

"घ्यायला लागतील," असं म्हणून त्या खाली उतरायला लागल्या. मला जागा मिळाली होती.

त्या पस्तिशीच्या पुढे होत्या. मूळच्या मंडणगडकडच्या, पण वाढलेल्या परळच्या चाळीत. काटकुळ्या, सावळ्या, आणि चष्मा पडू नये म्हणून तो मागे नाडीने बांधलेला. कचेरीत सगळे त्यांना 'बाई' म्हणत. मी 'ताई' म्हणायला लागले. त्यांचं लघुलेखन इतकं जलद होतं की मजकूर सांगताना साहेब अडखळले तर त्या पेन्सिल रोखून, आजाऱ्याकडे बघावं तसं त्यांच्याकडे बघत राहायच्या.

'व्यायाम' ह्या शब्दाचा त्यांना मनापासून राग. 'जॉगिंग' म्हटलेलं तर खपतच नसे. "जॉगिंग साहेब लोक करतात. त्यांना घरी काम नसतं. आपल्याला व्यायामाला कुठला गो वेळ? कामं तर करायचीच आहेत ना, मग ती पळत करायची." आणि त्या खरोखरच पळत करायच्या. आमच्या इमारतीसमोर दूध केंद्र होतं, पण ताई दूध आणायच्या ते दोन सेक्टर पलीकडच्या केंद्रावरून, कारण समोरचं केंद्र "पायाला लागतच नाय". संध्याकाळी कुकर गॅसवर चढला की त्या दाराबाहेर. शिट्ट्या होईपर्यंत पाण्याच्या टाकीला वळसा घालून यायचं, असा त्यांचा नेम होता. शेजारच्या काकू बिचाऱ्या स्वतःचं काम सोडून कान देऊन बसायच्या आणि खिडकीतून ओरडायच्या, "बाई, दुसरी झाली!" मग कोपऱ्यावरून आवाज यायचा, "आले, आले!" आमच्याकडे वरण दोन प्रकारचं असायचं. ताई वेळेवर आल्या तर पिवळं, वाटेत कुत्रं आडवं आलं तर तपकिरी.

पळण्याचा पोशाख ठरलेला. सलवार-कमीज, आडवी घेऊन कमरेला करकचून बांधलेली ओढणी आणि खडू फासून पांढरेशुभ्र ठेवलेले कॅनव्हासचे बूट. बुटांचा एक जोड कचेरीत फायलींच्या कपाटात असायचा. एकदा साहेबांनी स्वतः कपाट उघडलं, तर प्रलंबित प्रकरणांच्या खणात बूट. साहेबांनी नाकाला रुमाल लावून विचारलं, "बाई, हे काय आहे?"

"पेंडिंग आहेत, सर," ताई म्हणाल्या. "संध्याकाळी निकाली काढते."

त्या काळात वाशीचे रस्ते रुंद आणि रिकामे होते. इमारतींपेक्षा इमारतींच्या पाट्या जास्त. सकाळी त्या रस्त्यांवर एक बाई पळताना दिसली म्हणजे लोकांना वाटायचं, काहीतरी घडलं. सुरुवातीला तर माणसं ताईंच्या मागे कोण येतंय ते बघायला थांबत. एका गृहस्थांनी काळजीने विचारलं होतं, "काय हो बाई, कोण मागे लागलंय का?"

"हो ना," ताई न थांबता म्हणाल्या, "वय!"

मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात बाहेर काढलं. मी कोपऱ्यापर्यंत जाऊन फतकल मारली. त्यांची शिकवण्याची पद्धत अशी की पळताना सतत बोलत राहायचं. "बोलता येतंय ना? मग पळता येतं. गप्प झालीस की चालायचं." त्यामुळे दोन महिन्यांत माझं सगळं आयुष्य त्यांना पाठ झालं. कॉलेजात मला आवडणाऱ्या मुलाचं नाव मी फक्त त्यांना सांगितलं आहे, तेही चढावर. स्वतःबद्दल मात्र त्या काही बोलत नसत. त्यांना बोलण्याची गरजच नव्हती, दम त्यांना कधी लागतच नसे.

आमच्या गावचा एक कांद्याचा व्यापारी माल घेऊन वाशीच्या घाऊक बाजारात यायचा. त्याने एका सकाळी मला बघितलं आणि परत गेल्यावर माझ्या वडिलांना भर चौकात सांगितलं, "गुरुजी, तुमची पोरगी पळाली."

अण्णा जेवत्या ताटावरून उठले म्हणे. मिळाली ती एसटी पकडून दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात उभे. टोपी वाकडी, डोळे लाल. मी न्हाणीघरात कपडे धूत होते.

"तू आहेस इथं?" अण्णा म्हणाले.

"मी कुठे जाणार?"

"मग पळालीस कोणाबरोबर?"

"माझ्याबरोबर," ताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "रोजच पळते. बसा काका, चहा टाकते."

अण्णा बसले, पण खुर्चीच्या कडेवर. त्यांनी चहा घेतला आणि दिवसभर मला ऐकवलं. नोकरी कर, पण हे रस्त्यावर उंडारणं काय? लोक काय म्हणतील? स्थळं कशी येतील? तू गावी परत चल, साताऱ्यात बघू कुठे नोकरी. मी रडवेली झाले. ताईंनी एका शब्दाने वाद घातला नाही. अण्णांना निवडायला दिलेले तांदूळ निवडून झाले तेव्हा ताईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, तुमची दादरची बस चुकणार. चला, सोडते."

आम्ही तिघं निघालो. स्टॉप दिसायला लागला आणि बस हलली. पुढची केव्हा येईल ते कोणालाच माहीत नसायचं. ताईंनी अण्णांच्या हातातली पिशवी हिसकावून घेतली. "काका, पळा!"

"अहो बाई, मी..."

"बोलू नका, पळा!" स्वतःचा नियम त्यांनी आयुष्यात तेवढा एकदाच मोडला. आणि आमचे अण्णा, ज्यांना मी शाळेच्या घंटेलाही कधी घाई करताना पाहिलं नव्हतं, ते एका हाताने टोपी आणि दुसऱ्याने धोतराचा सोगा धरून पळाले. कंडक्टरने हात दिला. ताईंनी पिशवी आत फेकली. अण्णा फूटबोर्डावर उभे राहून धापा टाकत आमच्याकडे बघत होते, आणि ते हसत होते. असे हसताना मी त्यांना फार थोड्या वेळा पाहिलं.

साताऱ्याच्या नोकरीचा विषय पुन्हा निघाला नाही. दिवाळीनंतर ते आले तेव्हा शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा ताईंच्या पुढे ठेवून म्हणाले, "पळणाऱ्याला लागतात हो असले पदार्थ." जणू हे ज्ञान त्यांना पहिल्यापासून होतं.

तिहेरी शर्यतीचं खूळ आलं ते साहेबांच्या केबिनमधून. साहेबांचा भाऊ परदेशात असायचा. तिकडची जुनी मासिकं केबिनमध्ये पडलेली असत. त्यातल्या एकात ताईंना चित्रं दिसली: कुठल्याशा बेटावर माणसं आधी समुद्रात पोहतात, मग ओल्या अंगाने सायकल चालवतात आणि मग पळतात. सगळं एका दिवसात, एकामागून एक. ताई ते मासिक साडीच्या पदराखाली लपवून घरी घेऊन आल्या.

"हे बघ. आपल्याला जमेल."

"ताई, मला पोहता येत नाही."

"मला पण नाय. म्हणजे आपण बरोबरीतच आहोत."

"सायकल तरी येते का तुम्हाला?"

"तुला येते ना? मग शिकव."

मी कोरेगावात सायकलवर शाळा-कॉलेज केलेलं. ताईंच्या भावाची जुनी, मधे दांडा असलेली सायकल आली. मी मागून कॅरिअर धरून धावले, त्यामुळे माझा पळण्याचा सराव आपोआप झाला. ताई शिकल्या, पण अर्ध्याच. त्यांना डावीकडे वळता यायचं. उजवीकडे वळायचं म्हटलं की हँडल सोडून त्या सरळ उडीच मारायच्या. पुष्कळ प्रयत्न केले, पण ते काही जमलं नाही. मग त्यांनी वाशीचा नवा नकाशा मनात तयार केला. उजव्या हाताला असलेल्या भाजीबाजाराला त्या डावीकडे, डावीकडे आणि पुन्हा डावीकडे वळून पोचायच्या. "लांब पडतं," मी म्हणायचे. "बरंच आहे की," त्या म्हणायच्या, "सराव होतो."

राहिलं पोहणं. आमच्या कचेरीत कमळ नावाची एक कारकून होती. नेरूळ गावची आगरी मुलगी. तिच्या घरची शेती वसाहतीत गेली होती, म्हणून तिला नोकरी मिळाली होती. लहानपणापासून ती गावच्या तळ्यात डुंबत आली होती. "मी शिकवीन. त्यात काय हाय?" कमळ म्हणाली. "ऐतवारी दुपारी या. बायका कपरे धुतात तवा. बाप्ये नसतात."

त्या रविवारी मी ताईंचं दुसरंच रूप पाहिलं. घरातून निघताना त्या पळाल्या नाहीत. चालल्या, आणि त्याही माझ्या मागून. तळ्याच्या पायऱ्यांवर सात-आठ बायका कपडे आपटत होत्या. कमळने पत्र्याचा रिकामा डबा आणला होता, तो पाठीला बांधायचा. मी उतरले, दोन घोट पाणी प्यायले, खोकले, पुन्हा उतरले. ताई वरच्या पायरीवर उभ्या. भुंकणाऱ्या कुत्र्यांच्या अंगावर जाणारी ही बाई, पण पाण्याला पाऊल लावेना.

"ताई, पानी तुमाला खानार नाय," कमळ म्हणाली. "या ना खाली."

"येते. तू तिचं बघ आधी."

ती दुपार गेली, पुढच्या रविवारची दुपारही गेली. परत येताना मी चिडवलं, "काय ताई, वयाला घाबरत नाही आणि तळ्याला घाबरता?"

चालता चालता, समोर बघत त्या म्हणाल्या, "आमच्या गावात एक तळं होतं. आमच्या लोकांना त्यात उतरायला बंदी. मी आठ वर्षांची होते. मे महिना. सगळी पोरं उड्या मारत होती, मी पण मारली. पोहता येत नव्हतं, पण ते नंतर कळलं. बाहेर काढलं ना, ते केसांना धरून. आणि मग बापाला बोलावलं. तळं बाटवलं म्हणून त्याला सगळ्यांसमोर वाकायला लावलं. किती तरी वेळ वाकून होता." त्यांनी ओढणी पुन्हा आवळली. "मी बुडाले त्याचं कोणाला काय नव्हतं. त्याच वर्षी आमी मुंबईला आलो."

आम्ही एक वळण पार केलं. त्याच म्हणाल्या, "गप्प झालीस? मग चालायचं." आणि आम्ही चालतच घरी आलो.

तिसऱ्या रविवारी त्या खालच्या पायरीपर्यंत उतरल्या. पाणी घोट्याला लागलं. शेजारी कमळची म्हातारी आत्या गोधडी धूत होती. तिने विचारलं, "कोनची गो तू? गाव कंचा? आरनाव काय?" तिने सहजच विचारलं असेल, म्हाताऱ्या विचारतातच. पण कमळचा चेहरा उतरला, आणि मी पाण्यात उभी राहून ताईंकडे बघत राहिले.

"आडनावावरून कळायचं नाय, आजी," ताई सरळ उभ्या राहून म्हणाल्या. "आमी बौद्ध."

कपडे आपटण्याचा आवाज क्षणभर थांबला. एका बाईने आपली बादली उचलली आणि ती न बोलता पलीकडच्या पायरीवर जाऊन बसली. ताईंनी ते पाहिलं. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. आत्याने गोधडी पिळली, पुन्हा पाण्यात बुडवली आणि म्हणाली, "हितं शेवाळ हाय. घसरशील. त्या बाजूनं उतर."

ताई त्या बाजूने उतरल्या. गळ्याइतक्या पाण्यात गेल्या तेव्हा त्यांचे दात वाजत होते. ऊन तर चांगलं कडक होतं.

त्यानंतर त्यांनी एकही रविवार सोडला नाही. घरीही चैन नव्हतं. बादलीत तोंड बुडवून श्वास रोखायचा, आणि मी बाहेरून घाबरून दार ठोठावायचं. पलंगावर पालथं पडून हातपाय मारायचे. एकदा शेजारच्या काकू साखर मागायला आल्या, त्यांना पलंगावर ताई तशा दिसल्या, आणि साखर न घेताच त्या परत गेल्या. 'पाय हालवा, मान सोडा' असं कमळ म्हणायची, आणि मान सोडणं हेच नेमकं ताईंना जमत नसे. मान ताठ ठेवून बाई पोहणार कशी?

त्या शर्यतीनंतर वर्षभरात माझं लग्न होऊन मी पनवेलला गेले आणि ताईंची रत्नागिरीला बदली झाली. तिथेही जिने आहेत आणि चढ तर पुष्कळच आहेत, असं त्यांनी जाताना समाधानाने सांगितलं होतं. मला मुलं झाली तेव्हा मी वरणाच्या शिट्ट्यांमध्ये गॅलरीत येरझाऱ्या घालायचे, आणि नवरा विचारायचा, "कोणाची वाट बघतेस?" पण मला सांगायचं आहे ते त्या शर्यतीचंच.

थंडी सरता सरता एक रविवार ठरला. शर्यतीत आम्ही दोघीच. कमळ पंच, आणि माझी सायकलही तिच्याच घरची. आधी तळं आडवं पार करायचं, मग सायकलने हायवेला लागून कळंबोलीच्या लोखंड बाजारापर्यंत जाऊन बेलापूरला परत यायचं, आणि तिथून वाशीपर्यंत पळायचं. रस्ता ताईंनी आखला होता, अर्थात डावीकडच्या वळणांनी. कळंबोलीला माघारी फिरायचं तेवढं उतरून, सायकल हातात धरून. आदल्या संध्याकाळी त्यांनी बुटांना दोनदा खडू लावला.

सकाळी तळ्यावर गेलो तर पायऱ्यांवर बायकांची गर्दी. कमळने साऱ्या आळीत सांगितलं होतं. पलीकडच्या पायरीवर ती बादलीवालीही होती. पाठ करून कपडे धूत होती.

कमळने हात खाली केला आणि आम्ही पाण्यात उतरलो, पाठीला डबा न बांधता. मी भराभर हातपाय मारत, निम्मं तळं पोटात घेत पलीकडे पोचले आणि मागे वळून पाहिलं. ताई मध्यावर थांबल्या होत्या. मान ताठ, डोळे विस्फारलेले, हात नुसते पाण्यावर आपटत होते. कमळ झेपावली. पण आत्या काठावरून खच्चून ओरडली, "अगो, मान टाक! मागं मान टाक, आबालाकं बग!"

ताईंनी मान मागे टाकली. पाय वर आले. आणि त्या तरंगल्या. कमळ त्यांच्याजवळ पोचून हात न लावता थांबली. थोड्या वेळाने ताईंनी उताणंच पाय मारायला सुरुवात केली आणि डोकं माझ्या पायरीला येऊन टेकलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"ताई, उठा! सायकल!" मी ओरडले.

त्या पायरीला धरून हसत होत्या. चष्मा नव्हता, त्यामुळे त्यांना मी धड दिसतही नसेन. "तू हो पुढे," त्या म्हणाल्या. "मी आलेच."

मी पुढे झाले. हायवेवर सळया भरलेले ट्रक अंगाला घासून जात होते. कळंबोलीला एका ड्रायव्हरने खाली वाकून विचारलं, "बेहेनजी, रास्ता भूल गयी क्या?" मी दर वळणावर मागे बघत होते. बेलापूरला सायकल ठेवली, पळायला लागले, आणि बोलायला कोणी नसल्यामुळे स्वतःशीच बोलत, मधेच गप्प होऊन चालत, पुन्हा पळत वाशीला घरी पोचले. काकूंनी लिंबूपाणी दिलं आणि विचारलं, "बाई कुठायत?"

ते मलाही कळत नव्हतं. तशीच बस पकडून मी नेरूळला गेले आणि तळ्यावर धावले.

दुपार झाली होती. बायका घरी गेल्या होत्या. आत्या पायरीवर बसून भाकरी आणि सुकी मासळी खात होती, कमळ केस वाळवत होती. आणि तळ्याच्या मधोमध ताई उताण्या पडल्या होत्या. हात पसरलेले, डोळे मिटलेले, ओढणी पाण्यावर सुटलेली. मी त्यांच्याबरोबर दोन वर्षं राहिले, पण त्यांना इतकं स्वस्थ मी झोपेतही पाहिलं नव्हतं.

"सकालपासून हाय अशी," आत्या म्हणाली. "जेवाला पन येत नाय."

"ताई!" मी हाक मारली. "मी सगळं पूर्ण केलं!"

त्यांनी मान हलवली नाही. "कितवी आलीस?"

"पहिली."

"शाब्बास. आणि मी?"

"तुम्ही अजून पहिल्याच टप्प्यात आहात."

"असू दे," पाण्यावरून त्यांचा आवाज आला. "मला काय घाई नाय."